कॅमेरा, गायरान आणि गट नंबर

निसर्गभूमीवर रस्ता, वसाहत, खाण किंवा वीजप्रकल्प येतो, तेव्हा तिचे भवितव्य जागेवर क्वचितच ठरते. ते कागदावर ठरते. महसुली दप्तरात जमिनीची ओळख गट नंबर, क्षेत्र आणि प्रकार एवढीच असते. एखादा तुकडा पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, लिहिलेला असतो, एखादा पडीक, एखादा गायरान. तिथे वाढणारे गवत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, पावसाचे पाणी धरून ठेवणारे खोलगट भाग यांना त्या नोंदीत रकाना नाही. नोंद रिकामी म्हणून जमीनही रिकामी समजली जाते आणि प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्यांची नजर आधी तिच्याकडे वळते. छायाचित्रणाचे काम इथे सुरू होते. जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे ते तारीख आणि ठिकाणासह त्याच दप्तरात पोहोचवणे, हे ते काम. सुंदर दृश्य टिपणे हा त्याचा एक भाग आहे, पण सगळ्यात मोठा भाग नाही.

सेलूचा माळ

अशी रिकामी समजली जाणारी जमीन प्रत्यक्षात कशी असते, ते सेलूच्या माळावर पाहता येते. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुका म्हटला की काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन आठवते. तालुक्यातून दुधना नदी वाहते आणि तिच्यावरचा निम्न दुधना प्रकल्पही याच तालुक्यात आहे. दुधना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. सुपीक पट्टा नदीकाठी आणि सखल भागात. जसजसे उत्तरेला जिंतूरच्या डोंगररांगेकडे जावे, तसतशी माती उथळ होत जाते, खाली मुरूम आणि काळा दगड लागतो. अशा हलक्या जमिनीवर पीक जेमतेम येते, पण गवत मात्र चांगले येते. मराठवाड्यातल्या माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढतात. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा आणि उन्हाळ्यात करडा असे या माळाचे रूप वर्षभर पालटत राहते.

या जमिनीवर राहणारे प्राणी जंगलातले नसून उघड्यावरचे आहेत. काळवीट, लांडगा, खोकड आणि ससा. पक्ष्यांमध्ये चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, तित्तिर आणि लावा. हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्यासारखे शिकारी पक्षी येतात आणि गवतावरून कमी उंचीने उडत टोळ, उंदीर शोधतात. माळावरच्या पक्ष्यांपैकी अनेकांना झाड नको असते, मोकळी जमीन हवी असते. माळटिटवी आणि धाविक तर उघड्या मातीवरच अंडी घालतात आणि अंड्यांचा रंग खड्यांमध्ये मिसळून जातो. त्यामुळे चार पावलांवर घरटे असूनही ते माणसाला दिसत नाही. मोजणीसाठी एका दुपारी जाऊन आलेल्या पथकाला असा माळ ओसाडच वाटतो.

माळावरचा ताण निरनिराळ्या दिशांनी येतो. मुरूम आणि दगड यांचे उत्खनन हा जुना ताण. रस्ता असो वा घर, भरावाला मुरूम लागतोच. त्यात आता मोठ्या रस्त्यांची भर पडली आहे. समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग परभणी जिल्ह्यातून आखलेला आहे. तिसरा ताण सौरऊर्जेचा. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला आणि त्यासाठी गायरानांसह सरकारी जमिनी उपलब्ध करून देण्याचे धोरण घेतले. दिवसा वीज ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. मात्र सपाट, मोकळी, सरकारी मालकीची आणि वीज उपकेंद्राजवळची जमीन शोधताना नेमका गवताळ माळच समोर येतो.

एका छायाचित्राने काय घडू शकते

छायाचित्रामुळे भूमीला संरक्षण मिळाल्याचे पहिले ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये योसेमिटी दरीत जाऊन सुमारे १८ बाय २२ इंचांच्या प्रचंड काचपट्ट्यांवर छायाचित्रे काढली. ती पूर्वेकडच्या शहरांत आणि राजधानीत पोहोचली. दरी कधीही न पाहिलेल्या लोकप्रतिनिधींपुढे तिचा पुरावा आला आणि ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी दरीला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. १८७१ च्या सर्वेक्षण मोहिमेत विल्यम हेन्री जॅक्सन याने काढलेली यलोस्टोनची छायाचित्रे आणि थॉमस मोरान याची चित्रे अशीच कायदेमंडळात गेली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने सिएरा नेवाडा पर्वतावरील छायाचित्रांचे पुस्तक १९३८ मध्ये काढले आणि १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरची दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ओलेगास ट्रुखानास याने लेक पेडर या सरोवराच्या पारदर्शिका लोकांना दाखवून जनमत उभे केले, तरी वीजप्रकल्पासाठी १९७२ मध्ये ते सरोवर बुडालेच. त्याच्याच तालमीत तयार झालेल्या पीटर डॉम्ब्रोव्हस्कीस याने फ्रँकलिन नदीवरच्या धुक्यातल्या एका वळणाचे छायाचित्र काढले. या नदीवरही धरण प्रस्तावित होते. मार्च १९८३ च्या निवडणुकीआधी ते छायाचित्र वृत्तपत्रांत रंगीत जाहिरात म्हणून पूर्ण पान छापले गेले. सरकार बदलले, नव्या सरकारने धरणाविरुद्ध कायदा केला आणि जुलै १९८३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो उचलून धरला. दोन्ही वेळा छायाचित्रे उत्तम होती. दुसऱ्या वेळी ती निर्णय व्हायच्या आधी, निर्णयावर ज्यांचा प्रभाव पडणार होता त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांच्या जोडीला चळवळ, निवडणूक आणि कायदा उभा राहिला.

भारतातही असे घडले आहे. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोहखनिजाच्या खाणीचे परिणाम शेखर दत्तात्री यांनी २००१ मध्ये लघुपटातून दाखवले. गाळाने लाल झालेली भद्रा नदी त्यात पाहणाऱ्याला थेट दिसत होती. प्रकरण न्यायालयात होतेच. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाण बंद करण्याचा आदेश दिला आणि २००५ अखेर उत्खनन थांबले.

महाराष्ट्रातील अनुभव

मुंबईच्या आरे वसाहतीत २०१५ नंतर मेट्रोच्या कारशेडवरून वाद पेटला, तेव्हा एक मुद्दा सारखा पुढे येत होता: ही जागा जंगल आहे का? या प्रश्नाला कॅमेऱ्याने दोन प्रकारे उत्तर दिले. नयन खानोलकर यांनी आरेतील एका वारली पाड्याच्या बोळात कॅमेरा लावून चार महिने वाट पाहिली आणि घरांच्या मधून शांतपणे चालत जाणारा बिबट्या टिपला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ मध्ये या छायाचित्राला शहरी विभागातला पहिला पुरस्कार मिळाला आणि आरेचे नाव जगभर गेले. दुसरे उत्तर अभ्यासकांचे होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या गणनेत २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. त्यामुळे दोन छायाचित्रांतला प्राणी एकच आहे की वेगळा, हे ठरवता येते आणि छायाचित्रांचा संग्रह मोजणीचे साधन बनतो.

आरेचा निकाल संमिश्र लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली. कारशेड शेवटी आरेतच झाली. मात्र त्याच वादातून आरेतली ८०० एकरांहून अधिक जमीन वनक्षेत्र म्हणून राखण्याचा निर्णयही झाला.

नवी मुंबईत छायाचित्रांचा उपयोग वेगळ्या प्रकारे झाला. ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने रोहित येतात. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही. तेवढा वेळ ते सीवूड्स, नेरूळ परिसरातील उथळ पाणथळींवर येऊन थांबतात. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण या पाणथळी हद्दीबाहेरच राहिल्या. त्यांच्यापैकी काहींवर गोल्फ मैदान आणि इमारती प्रस्तावित होत्या. रहिवाशांच्या याचिकेवर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जमिनीचा वापर बदलणारा निर्णय रद्द ठरवला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. जवळच्याच डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाल्यावर तलाव सुकत गेला आणि २०२४ मध्ये तिथे रोहित पक्षी मेल्याच्या घटना घडल्या. तलावाचे भरलेले, शेवाळलेले आणि कोरडे रूप रहिवासी व पक्षिप्रेमींच्या छायाचित्रांत टप्प्याटप्प्याने नोंदले गेले होते. २०२५ मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. पाणथळ म्हणजे पाणी साचलेला खड्डा, हे म्हणणे एकाच दिवसाच्या छायाचित्राने खोडता येत नाही. भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूनुसार काढलेल्या मालिकेने ते खोडता येते.

सेलूला सर्वांत जवळचा अनुभव गवताळ प्रदेशांचा. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक पक्षी बी. एस. कुलकर्णी या पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे न्याहाळले, त्यांच्या संरक्षणासाठी पाठपुरावा केला आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याची कागदावरची हद्द सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होती. त्यात शेकडो गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक नाराज झाले. पुढे ही हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आली. येवला तालुक्यातील ममदापूर येथे काळविटांसाठी सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पुणे जिल्ह्यातील कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथल्या लांडग्यांच्या आणि खोकडांच्या छायाचित्रांनी, कालपर्यंत कोणी न विचारणाऱ्या माळांना ओळख मिळवून दिली. पुढे छायाचित्रकारांच्या गाड्या गवतात कुठेही शिरू लागल्या, तेव्हा २०२३ मध्ये वनविभागाने ठरलेल्या वाटांवरची, स्थानिक वाटाड्यांसह चालणारी गवताळ सफारी सुरू केली.

मराठवाड्यात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. दोन्ही वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेले होते. पट्ट्यांची छायाचित्रे जुळवल्यामुळे हे कळले. दोन अभयारण्यांच्या मध्ये जे नाले, झुडपी रान, माळ आणि शेते येतात, ती या प्राण्यांची वाट आहे आणि कागदावर ती कुठेही वाट म्हणून लिहिलेली नाही.

कोणते छायाचित्र पुरावा ठरते

जमिनीच्या रक्षणासाठी छायाचित्र काढायचे, तर ते कुठले, केव्हाचे आणि कशाचे हे तीन प्रश्न त्यातूनच सुटले पाहिजेत. मोबाइलचा कॅमेरा स्थाननोंद चालू ठेवल्यास अक्षांश-रेखांश आणि वेळ फाइलमध्ये साठवतो. ते स्थान राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावरील गावनकाशाशी जुळवले की गट नंबर मिळतो. तलाठ्याच्या दप्तराला आणि ग्रामसभेच्या ठरावाला गट नंबरचीच भाषा कळते; अक्षांश-रेखांशाचे गट नंबरमध्ये रूपांतर झाल्यावरच छायाचित्र त्या दप्तरात शिरू शकते.

छायाचित्रांचे चार प्रकार उपयोगी पडतात. पहिला प्रकार विस्तीर्ण दृश्याचा, ज्यात टेकडी, मंदिर, विजेचा मनोरा किंवा रस्ता अशी न हलणारी खूण चौकटीत येते. दुसरा प्रकार प्रजातीचा: गवताचा तुरा, पक्षी, पाऊलखूण, विष्ठा किंवा बीळ, शक्य तिथे मापासाठी बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवून. तिसरा माणसांच्या वापराचा: गुरे चारणारे, पाणवठ्यावर आलेली मेंढरे, गवत कापून नेणाऱ्या बाया, वाडी-तांड्यांच्या पायवाटा. चौथा हानीचा: उत्खननाचा खड्डा, राडारोड्याचा ढीग, बुजवलेला नाला, आग.

या सगळ्यांहून प्रभावी ठरते ती पुनर्छायाचित्रण ही पद्धत. एक जागा नक्की करून, तिथेच उभे राहून, त्याच दिशेने, त्याच उंचीवरून ठरावीक अंतराने छायाचित्र काढत जायचे. आल्प्समधल्या हिमनद्यांचे मोजमाप करण्यासाठी ही पद्धत १८८८ पासून वापरली गेली. हेस्टिंग्ज आणि टर्नर या संशोधकांनी १९६५ मध्ये ‘द चेंजिंग माइल’ या ग्रंथात अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशाची जुनी छायाचित्रे शोधून, त्याच जागांवरून पुन्हा काढून, वनस्पती कशा बदलल्या ते दाखवले. सेलूसारख्या ठिकाणी या पद्धतीला खास महत्त्व आहे. मे महिन्यात काढलेल्या एकट्या छायाचित्रात माळ ओसाडच दिसतो आणि पडीक ही नोंद खरी वाटते. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशी पाच छायाचित्रे शेजारी लावली, की गवताचे उगवणे, तुरे येणे, बी पडणे आणि वाळणे हे पूर्ण चक्र दिसते. पावसाळ्यात खोलगट भागात साठलेले पाणी आणि हिवाळ्यात त्याच्याभोवती उतरलेले पक्षी त्यात येतात.

उंचावरून पाहण्यासाठी उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात. इस्रोचे भुवन आणि गुगल अर्थ यांवर जुन्या वर्षांची चित्रे पाहता येतात. एखादी खदान कधी सुरू झाली आणि किती पसरली हे त्यावरून कळते. ड्रोन वापरायचा असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आणि हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक आहे. वनक्षेत्रात ड्रोन किंवा स्वयंचलित कॅमेरा लावण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.

मूळ फाइल जपणे हा या कामाचा कणा आहे. समाजमाध्यमावरून फिरलेल्या चित्रातली तारीख आणि स्थान बहुधा पुसली जातात. मूळ फाइल तशीच ठेवून छपाईसाठी वेगळी प्रत करावी आणि सोबत वहीत तारीख, वेळ, गट नंबर, उभे राहण्याची जागा आणि दिशा लिहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल छायाचित्र न्यायालयात सादर करताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलची ओळख पटवणारा हॅश हा आकडा नमूद करायचा असतो. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी हा आकडा बदलतो. रंग भडक केलेले, नको ती तार पुसून टाकलेले चित्र प्रदर्शनात चालेल, सुनावणीत ते उलट अंगावर येते.

छायाचित्र कुठे पोहोचवायचे

पहिले ठिकाण गावातच आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. गावातली पिके, गवते, झाडे, प्राणी, पाणवठे आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान या वहीत नोंदायचे असते. अनेक वह्या घाईने भरल्या गेल्यामुळे माळाची पाने कोरडी राहतात. गट नंबरसह छायाचित्रे जोडली, तर तीच वही पुढे सरकारी दस्तऐवज म्हणून वापरता येते. याच कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य शासन एखादी जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकते. आंबोलीतील महादेव मंदिराजवळच्या झऱ्यात सापडलेल्या हिरण्यकेशी माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये तिथल्या सुमारे २.११ हेक्टर जागेला हा दर्जा मिळाला. संरक्षण मिळण्यासाठी जागा मोठीच असावी लागते असे नाही. तिच्यात काय आहे हे सिद्ध व्हावे लागते.

दुसरे ठिकाण जनसुनावणी. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार महामार्ग, मोठ्या खाणी अशा प्रकल्पांसाठी स्थानिक लोकांची सुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. मूल्यांकन अहवालात प्रकल्पस्थळी महत्त्वाचे वन्यजीव नाहीत असे लिहिलेले असेल, तर त्याच गटातली, तारीख असलेली काळविटांची किंवा लांडग्यांची छायाचित्रे लेखी हरकतीला जोडता येतात. काळवीट आणि लांडगा हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सौरऊर्जा प्रकल्पांना मात्र या अधिसूचनेखालची पूर्वपरवानगी लागत नाही, त्यामुळे सुनावणीही होत नाही. तिथे ग्रामसभा आणि तहसील कार्यालय हीच बोलण्याची जागा उरते आणि नोंदी आधीपासून तयार असणे अधिक गरजेचे ठरते.

तिसरे ठिकाण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणे तक्रार सर्वसाधारणपणे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. नाला केव्हा बुजवला, उत्खनन केव्हा सुरू झाले यावर मुदत अवलंबून असते. तारीख असलेले आधीचे आणि नंतरचे छायाचित्र हा हिशेब सोपा करते.

गायरानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला जानेवारी २०११ चा निकाल महत्त्वाचा आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवून त्या गावाला परत कराव्यात, असे न्यायालयाने राज्यांना सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायराने अन्य कामांसाठी देण्यावर निर्बंध घातले, मात्र दुसरी जागा नसल्यास सार्वजनिक प्रयोजनाची वाट मोकळी ठेवली. गायरान खरोखर चराईसाठी वापरात आहे, हे दाखवणारी छायाचित्रे या ठिकाणी वजनदार ठरतात.

शास्त्रीय नोंदींसाठी ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही जागतिक व्यासपीठे आहेत. तिथे टाकलेले छायाचित्र इतर जाणकार तपासतात आणि ओळख पक्की होते. परभणीसारख्या जिल्ह्यातून जितक्या नोंदी जातील तितका प्रजातींच्या नकाशावरचा हा कोरा भाग भरत जाईल.

धोके आणि मर्यादा

छायाचित्राने जागा वाचते तशी ती बिघडूही शकते. कास पठारावरच्या फुलांची छायाचित्रे सर्वदूर पसरली, २०१२ मध्ये पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आले आणि गर्दी इतकी वाढली की प्रवेशशुल्क, संख्येवर मर्यादा आणि कुंपण असे उपाय करावे लागले. कुंपणाने चराई थांबली, चराईअभावी उंच गवत वाढून फुलझाडे मागे पडतात असा आक्षेप आला. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे किंवा लांडग्याच्या बिळाचे नेमके स्थान जाहीर केले, तर शिकारी आणि हौशी दोघेही तिथे पोहोचतात. म्हणून अचूक स्थान अधिकाऱ्यांना आणि नोंदवहीला द्यावे, सार्वजनिक चित्रात फक्त तालुका सांगावा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे मुख्यतः उन्हाळ्यात, जवळ जाणे टाळावे. पक्षी उठून गेला की उन्हात अंडी भाजतात.

दुसरा धोका चौकटीबाहेर काय राहिले याचा. योसेमिटीच्या जुन्या छायाचित्रांत दरी निर्मनुष्य दिसते, जणू तिथे कधी कोणी राहिलेच नव्हते. प्रत्यक्षात तिथे अवानीची हे मूळ रहिवासी राहत होते आणि त्यांना हुसकावले गेले. मराठवाड्यातही माळ निर्मनुष्य नाही. गायरानावर मेंढपाळांचा वावर आहे आणि जमिनीसाठी झगडलेल्या भूमिहीन दलितांची शेतेही आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि मराठवाड्यात ती मागणी त्याआधीपासून होती. १९९१ मध्ये महाराष्ट्र शासनाने अशी काही अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. फक्त काळवीट दाखवून माणसे वगळणारे छायाचित्र गरिबाच्या चार एकरांविरुद्ध वापरले जाऊ शकते. त्याच काळविटाने हरभऱ्याचे केलेले नुकसानही खरे आहे आणि त्याचे छायाचित्र शेतकऱ्याला भरपाईच्या अर्जासोबत लागते. माळाची प्रामाणिक नोंद या सगळ्यांसह होते.

तिसरी मर्यादा आवडीची. वाघ, बिबट्या, रोहित यांची छायाचित्रे लोकांना भावतात. गवत, चंडोल किंवा कोरडा नाला फारसा कोणी पाहत नाही. त्यामुळे ज्या जमिनीला चित्राची गरज सर्वाधिक, तिचीच चित्रे सर्वांत कमी निघतात. शिवाय अनेकदा लोक कॅमेरा घेऊन जागे होतात ते यंत्रे आल्यावर. तेव्हा काढलेल्या चित्रात उखडलेली माती दिसते, त्याआधी काय होते ते दिसत नाही, आणि नुकसान सिद्ध करायला आधीची स्थितीच लागते.

सेलू तालुक्यातील एखाद्या गावाने हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर त्याला महागडी साधने लागत नाहीत. गावच्या गायरानाचे आणि पोटखराब तुकड्यांचे गट नंबर, प्रत्येक ठिकाणी दगडाने खूण केलेली उभे राहण्याची जागा, वर्षातून पाच ठरलेले दिवस, एक मोबाइल आणि एक वही एवढ्यात सुरुवात होते. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला हा उपक्रम सहज जोडता येतो. दोन-तीन वर्षांत तयार होणारी ही मालिका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे दाखल झाली, की पुढे जमीन मागणारा कोणताही प्रस्ताव आला तरी निर्णय घेणाऱ्यांना त्या गटात काय आहे ते पाहूनच ठरवावे लागेल.